कोरेगावच्या नावांना बोलतं करणारे शिवराम जानबा कांबळे

दरवर्षी १ जानेवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांतून कोरेगावला गाड्या जातात. लेकराबाळांना घेऊन, भाकरी बांधून, निळे झेंडे लावून माणसं निघतात. भीमेच्या काठी उभ्या असलेल्या त्या दगडी स्तंभापुढे नतमस्तक होतात आणि परततात. स्तंभाविषयी आज पुष्कळ बोललं जातं, लिहिलंही जातं. परंतु त्या स्तंभावरची नावं आपल्या बापजाद्यांची आहेत, तिथं आपण जमलं पाहिजे आणि जमून काही मागितलंही पाहिजे, हे समाजाला पटवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य झिजवलं त्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांची आठवण मात्र फार थोड्यांना असते. विहाराच्या या स्मरणिकेतून आम्ही त्यांचं चरित्र थोडक्यात सांगत आहोत. शहीद सैनिकांना अभिवादन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांच्या चरित्रावरून जसं समजतं तसं दुसऱ्या कशावरून क्वचितच समजेल.

स्तंभ आणि त्यावरची नावं

आधी त्या दिवसाची हकिगत सांगितली पाहिजे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. कॅप्टन स्टाँटन हा तिचा अधिकारी. तुकडीत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे पाचशे पायदळ शिपाई होते, शिवाय काही घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन मद्रासचे गोलंदाज. सगळे मिळून आठशे चौतीस. रात्रभर सुमारे चाळीस किलोमीटर चालून सकाळी ते कोरेगावला पोचले, तर नदीपलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्याची वीस हजारांहून मोठी फौज. सगळीच फौज काही लढाईत उतरली नाही. तरीही जी उतरली ती कंपनीच्या तुकडीच्या कितीतरी पट होती.

१ जानेवारी १८१८ चा तो दिवस गावाच्या गल्लीबोळांतून, घराघरांतून लढण्यात गेला. रात्रभर चाललेले, पोटात अन्न नाही, नदी डोळ्यांसमोर आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही, अशा अवस्थेत शिपाई अंधार पडेपर्यंत लढले. पेशव्याची फौज निघून गेली. कंपनीची दोनशे पंचाहत्तर माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. पुढे जून १८१८ मध्ये बाजीराव कंपनीच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली.

१८२१ साली कंपनी सरकारने तिथं स्तंभाचा पाया घातला. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत मजकूर कोरला, पडलेल्यांची नावं कोरली. एकूण एकोणपन्नास नावं, त्यांतली बावीस महार शिपायांची. ही ओळखायला सोपी आहेत, कारण शेवटी 'नाक' आहे. रामनाक येसनाक, भागनाक हरनाक, अंबनाक काननाक. लेकाचं नाव आणि बापाचंही नाव. ज्या गावगाड्यात या माणसांना कुणी धड नावाने हाक मारत नव्हतं, त्याच मुलखात दगडावर दोन पिढ्यांची नावं पूर्ण अक्षरांत कोरली गेली. बाकीच्या नावांत इतर जातीधर्मांचे शिपाई आहेत. तेही कुणाचे तरी लेक होते. त्यांनाही आम्ही या ठिकाणी अभिवादन करतो.

दगडावर नाव, पण दाराला कुलूप

या शिपायांनी मिळवून दिलं काय? कंपनीला राज्य मिळालं. महार समाजाला मिळाली ती पलटणीतली नोकरी. ती लहान गोष्ट नव्हती. पलटणीत अंगावर धड कपडा होता, महिन्याचा पगार होता, म्हातारपणी पेन्शन होती. मुख्य म्हणजे शिपायांच्या मुलामुलींना पलटणीच्या शाळेत शिकायला मिळत होतं. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं केलं जात नव्हतं, ती मुलं छावणीत अक्षरं गिरवीत होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महूच्या छावणीतच झाला.

आणि नेमक्या त्याच सुमारास, १८९२-९३ च्या दरम्यान, इंग्रज सरकारने महारांची लष्करातली भरती बंद केली. लढवय्या जाती कोणत्या आणि बिगरलढवय्या कोणत्या, याच्या याद्या साहेबांनी तयार केल्या. अमुक जातीचे लोक महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, त्यांच्या शेजारी राहणार नाहीत, ही सबबही पुढे आली. म्हणजे गावात जी शिवाशिव होती ती साहेबाच्या कचेरीतही जाऊन बसली. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्यांची नावं शौर्याचे दाखले म्हणून दगडावर कोरली, त्यांचीच नातवंडं-पतवंडं बिगरलढवय्यी ठरली! कोरेगावचा स्तंभ जागच्या जागी उभा होता, पण त्यावरच्या नावांचं वाचन करून सरकारला जाब विचारणारं कुणी तरी हवं होतं.

सुरुवात जुन्या सैनिकांनीच केली. कोकणातले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी लेखणी हाती घेतली आणि अर्ज तयार केले. सुभेदार रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने सरकारकडे गाऱ्हाणं मांडलं. त्या अर्जांनी दार उघडलं नाही, पण दारावर थाप पडली. पुण्यात हीच थाप पुढे नेणारे होते शिवराम जानबा.

बटलर आणि संपादक

शिवराम जानबांचा जन्म १८७५ सालचा. ते स्वतः शिपाई नव्हते. त्यांच्या उमेदीच्या काळात भरतीचं दार बंदच झालं होतं. ते पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून नोकरीला होते. साहेब लोकांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहायची, ताटं-काटेचमचे सांभाळायचे, हे काम. आमच्यातल्या पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनी आणि पणज्यांच्या धन्यांनी अशीच कामं केलेली आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात समाजासाठी अर्ज लिहायचे, सभा भरवायच्या, पत्र चालवायचं. हाताशी ना मोठी पदवी, ना पैसा. तरी या माणसाने जे उभं केलं ते पाहून थक्क व्हायला होतं.

१९०३ च्या सुमारास त्यांनी सासवडला एक्कावन्न गावांतल्या महार मंडळींची सभा भरवली. त्या काळात ना फोन ना मोटारी. गावोगाव पायी निरोप गेले असतील तेव्हा ही माणसं जमली. सभेतून मुंबई सरकारकडे अर्ज गेला आणि त्यावर दीड हजारांहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. मुलांना शाळेत घ्या, पोलिसात घ्या, लष्करात घ्या, अशा मागण्या. सरकारने दाद दिली नाही. पण ज्यांच्या सह्या पडल्या त्यांच्यापैकी कितीएकांनी आयुष्यात पहिल्यांदाच सरकारला आपलं नाव कळवलं असेल, याचा विचार केला म्हणजे त्या अर्जाची किंमत समजते. कोरेगावच्या दगडावर बावीस नावं होती, इथं कागदावर दीड हजार आली.

१९०४ साली त्यांनी पुण्यात 'श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज' ही संस्था काढली. सोमवंशीय म्हणजे महार. त्या काळी आपली माणसं हे नाव अभिमानाने लावत. पुढे १ जुलै १९०८ रोजी त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं. बाबासाहेबांचा 'मूकनायक' १९२० सालचा. त्याच्याही बारा वर्षं आधी एका बटलरने स्वतः संपादक होऊन समाजाचं पत्र चालवलं, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात क्वचितच वाचायला मिळते. म्हणून ती घरात सांगितली पाहिजे.

या मासिकातून त्यांनी फक्त सरकारलाच प्रश्न विचारले असं नाही, घरातल्यांनाही विचारले. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याची चाल आपल्या समाजात होती. शिवराम जानबांनी त्या चालीविरुद्ध मोहीमच उघडली. ते वाचून शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली कर्मकहाणी पत्रात लिहून पाठवली. ती छापून आली आणि १९०९ साली गणपतराव गायकवाड नावाच्या कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केलं. त्या जमान्यात याला केवढं धैर्य लागलं असेल! स्वातंत्र्याची लढाई नुसती पलटणीत लढली जात नाही. घरच्या मुलीला देवाच्या नावाने विकायचं नाही असं ठरवणं, हीसुद्धा लढाईच आहे आणि तिचीही किंमत मोजावी लागते, हे शिवराम जानबांना कळलं होतं.

१९१० चा अर्ज

१९१० साली जेजुरीला दख्खनच्या महार मंडळींची परिषद भरली. तिथून थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यातली मागणी आज वाचली तर मन गलबलतं. आम्हाला मोठ्या राजकीय जागा नकोत, तेवढं आमचं शिक्षण नाही. पोलिसात शिपायाची आणि लष्करात साध्या सैनिकाची, म्हणजे अगदी तळची जागा द्या. आम्ही काही नवं मागत नाही, पूर्वी जे काम आम्ही करत होतो तेच परत मागतो. असा त्या अर्जाचा आशय होता.

आजच्या तरुणांना वाटेल, इतकं नमून कशाला मागायचं? पण जरा थांबून विचार करावा. ज्या समाजाला विहिरीवर जाता येत नव्हतं, त्याने समुद्रापलीकडच्या मंत्र्याला लिहून कळवलं की आमच्या वाडवडलांनी रक्त सांडलेलं आहे आणि त्याचा हिशोब झालेला नाही. भाषा नम्र होती, हिशोब पक्का होता. मेलेल्यांच्या आठवणीचा उपयोग त्यांनी जिवंतांच्या हक्कासाठी केला. आमच्या मते शिवराम जानबांचं मोठेपण यातच आहे. नुसते हार घालून, पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाऊन ते थांबले असते तर त्यांना कुणी अडवलं नसतं. परंतु त्यांनी त्या पराक्रमाची पावती काढून सरकारपुढे धरली.

दार उघडलं ते पहिल्या महायुद्धात, आणि तेही सरकारला माणसं कमी पडू लागली तेव्हा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, आणि थोड्याच वर्षांत ती पलटण मोडली. पुन्हा जुनी तऱ्हा! मरायला माणसं हवीत, जगायला आली की नकोत.

बाबासाहेब कोरेगावला येतात

१ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा भरली. शिवराम जानबा कांबळे यांचा तीत पुढाकार होता आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले होते. त्या दिवशी बाबासाहेबांनी जे सांगितलं त्याचा आशय प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा असा आहे. आपल्या माणसांनी इंग्रजांच्या बाजूने लढावं यात निव्वळ अभिमानाची गोष्ट नाही, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. पण ती त्या बाजूला का गेली? कारण स्वतःच्या म्हणवणाऱ्या धर्मबांधवांनी त्यांना कुत्र्यामांजरापेक्षा हीन वागवलं, पोट भरायला आणि माणूस म्हणून उभं राहायला दुसरी जागाच ठेवली नाही. आणि ज्या इंग्रजांसाठी ती लढली, त्यांनीही काम झाल्यावर उपकार विसरून त्यांना बिगरलढवय्ये ठरवलं. तेव्हा ही बंदी उठवण्यासाठी सरकारशी झगडा, असा त्यांचा आदेश होता.

पाहा, अभिवादनाला आलेल्या लोकांपुढे बाबासाहेबांनी गोड गोष्टी केल्या नाहीत. मेलेल्यांचा मान राखूनही खरं बोलता येतं. कोरेगावला पडलेले ते शिपाई कुणाच्या तरी राज्यासाठी मेले. आपलं राज्य, आपले हक्क, आपलं पाणी यांपैकी काहीही त्यांना मिळालं नाही. मग त्यांच्या मरणाला आपल्या मुक्तीचा अर्थ कुणी दिला? तो नंतर आलेल्यांनी दिला. वलंगकरांनी, रामजींनी, शिवराम जानबांनी दिला आणि बाबासाहेबांनी तो शेवटास नेला. कोरेगावच्या सभेला तीन महिने होतात न होतात तोच, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. १८१८ साली नदी समोर असून दिवसभर तहानेने तळमळलेल्या त्या शिपायांची आठवण आम्हाला अशा वेळी झाल्याशिवाय राहत नाही.

शिवराम जानबा त्यानंतरही स्वस्थ बसले नाहीत. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पुढाऱ्यांत ते होते. वय पन्नाशी उलटून गेलेलं. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह १९३० च्या जानेवारीपर्यंत चालला, पण देवळाचं दार त्या वेळी उघडलं नाही. ज्या समाजातले शिपाई तोफांपुढे उभे राहिले होते, त्याच समाजातली माणसं या वेळी हातात काहीही न घेता दगडांपुढे उभी राहिली. यांतलं कोणतं शौर्य मोठं, ते वाचकांनी ठरवावं.

१९५६ ची धम्मदीक्षा पाहायला शिवराम जानबा हयात नव्हते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. त्यामागे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांची खटपट होतीच, पण तीस-चाळीस वर्षं अर्जामागून अर्ज करणाऱ्यांची पुण्याईही होती. पुढे त्या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या जाती-प्रांतांचे जवान आले. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामास्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. ज्या पलटणीत कुणी आमच्या शेजारी राहणार नाही असं सांगितलं जात होतं, तिच्या नावाखाली आज सगळे एकत्र राहतात आणि एकत्र मरण पत्करतात.

विहारात सैनिकांना अभिवादन कशासाठी?

काही उपासक विचारतात की, आपण अहिंसेचा धम्म मानणारे, मग शस्त्र धरलेल्यांना विहारात अभिवादन का करायचं? प्रश्न योग्य आहे. वैशालीचा सेनापती सिंह हासुद्धा अशीच शंका घेऊन तथागतांकडे आला होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो प्रसंग मुद्दाम घेतला आहे. युद्धाची आवड धरणं वेगळं आणि न्यायासाठी, रक्षणासाठी उभं राहणं वेगळं, हा विवेक त्यातून शिकायचा. आम्ही मारण्याला वंदन करत नाही. आम्ही कृतज्ञता व्यक्त करतो, आणि मंगलसुत्तात तर कृतज्ञता हे एक मंगलच सांगितलेलं आहे.

पण कृतज्ञता म्हणजे वर्षातून एक दिवस गाडीत बसून जाऊन येणं नव्हे. २०१८ साली द्विशताब्दीच्या दिवशी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, कितीतरी घरांची वाताहत झाली. आठवणीलासुद्धा किंमत मोजावी लागते, हे त्या दिवशी पुन्हा दिसलं. कोणत्याही बाजूचा तरुण असो, त्याच्या आईचं दुःख सारखंच. म्हणून स्तंभापुढे जाताना डोकं शांत आणि मन मैत्रीने भरलेलं असावं, असं आम्ही कळकळीने सांगतो.

शिवराम जानबांच्या वाटेने जायचं तर आपल्या हातून तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. आपल्या घरात, नात्यात कुणी सैन्यात होतं का ते म्हाताऱ्या माणसांना विचारून नाव, गाव, पलटण लिहून ठेवावी. पेटीच्या तळाला पडलेले पेन्शनीचे कागद, बिल्ले, फोटो जपावेत. दर १ जानेवारीला विहारात त्रिशरण-पंचशीलानंतर स्तंभावरची सगळीच्या सगळी एकोणपन्नास नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, अक्षर न चुकता. आणि ज्या सैनिकाच्या विधवेची पेन्शन अडली असेल, ज्याच्या मुलाचा दाखला रखडला असेल, त्याच्यासाठी वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी बसून अर्ज लिहून द्यावा. शिवराम जानबांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? गेलेल्यांचं नाव घेतलं आणि राहिलेल्यांसाठी अर्ज लिहिला.

कोरेगावला, महायुद्धांत आणि स्वतंत्र भारताच्या सीमांवर पडलेल्या सर्व सैनिकांना, आणि त्यांच्या रक्ताचा हिशोब मागणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांना आमच्या विहाराचे विनम्र अभिवादन.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!